एकशेवीस बटवे आणि एक पाहुणी

आलेल्या पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका आईने हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या मंडळीचे (म्हणजे चर्चचे) केनियातील किसुमू शहराजवळच्या एका मंडळीशी काही वर्षांपासून स्नेहाचे नाते आहे आणि येत्या मे महिन्यात तेथे होणाऱ्या दंतचिकित्सा शिबिरासाठी दहा-बारा जणांचा गट निघणार आहे. पती दंतवैद्य असल्यामुळे हे कुटुंब प्रथमच मुलीसह परदेशात मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे सेवाकार्यासाठी, जात आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. तेथील संडे स्कूलमध्ये १२० मुले आहेत असे कळल्यावर प्रत्येकाला तिने स्वतःच्या हाताने केलेली भेट द्यावी, असे घरात ठरले. ही भेट म्हणजे जुन्या साड्यांच्या तुकड्यांचा नाडीचा बटवा आणि त्यात एक शुभेच्छापत्र. नाताळच्या सुट्टीत मुलीने उत्साहाने सुरुवात केली, ३८ बटवे पूर्ण केले आणि मग ती कंटाळली. आता ती झोपल्यावर आई रात्री शिवत बसते. आईने शिवलेले २७ बटवे मुलीच्या बटव्यांत मिसळून ठेवले आहेत आणि ५५ अजून व्हायचे आहेत. मुलगी अधूनमधून दोन प्रश्न विचारते: “त्यांना आवडलं नाही तर?” आणि “ते गरीब आहेत म्हणून आपण देतोय का?” सासूबाईंच्या लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये अमेरिकेहून भेटींच्या पेट्या येत असत, त्या म्हणतात, “तेव्हा आम्हाला मिळायचं, आता देवाने आपल्याला देणारं केलंय.” या प्रवासातून आपल्याकडे किती आहे याची मुलीला जाणीव व्हावी, अशी आईची इच्छा आहे. तिला पुन्हा कामाला कसे लावावे, संख्या कशी पूर्ण करावी आणि तिच्या मनाची तयारी कशी करून घ्यावी, हे त्यांना विचारायचे आहे.

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना ५५ या आकड्यावर थांबले आणि दुसऱ्यांदा तुमच्या लेकीच्या दोन प्रश्नांवर. तुम्ही माझ्याकडे आकड्याचे उत्तर मागितले आहे आणि तिने तुमच्याकडे त्याहून पुष्कळ कठीण असे काही मागितले आहे. म्हणून आधी तिच्या प्रश्नांकडे वळू या. उरलेल्या बटव्यांचे काय करायचे, हे त्यातूनच बरेचसे उलगडेल.

“ते गरीब आहेत म्हणून आपण देतोय का?” या प्रश्नाला “छे, तसं काही नाही” असे म्हणून तो झटकू नका आणि “हो, म्हणूनच” असे म्हणून विषय संपवूही नका, कारण दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे, केनियातील मोठ्या शहरांपैकी एक शहर आहे. मोंबासाच्या बंदरातून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये तेथे पोहोचली आणि ती बांधायला हजारो मजूर आपल्या देशातून नेले होते. भारतीय वंशाची कुटुंबे आजही तेथे दुकाने आणि उद्योग चालवतात. त्या मंडळीत शिक्षक असतील, भाजी विकणाऱ्या बाया असतील, मासेमारी करणारे असतील. काहींच्या घरी तुमच्यापेक्षा कमी असेल, तर काहींच्या घरी अधिक. हे सगळे नऊ वर्षांच्या मुलीला दोन वाक्यांत सांगता येते: “काही जणांकडे पैसे कमी आहेत, काही जणांकडे नाहीत. आपण जातोय ते त्यांनी बोलावलंय म्हणून, आणि बाबांना दातांचं काम येतं म्हणून.” यात खोटे काही नाही आणि १२० मुलांना एकाच शब्दात बांधलेलेही नाही.

तुमच्या पत्रातील जे वाक्य मला सर्वांत अधिक बोचले, ते मी प्रेमानेच तुमच्यापुढे ठेवते. तिथली मुले पाहून आपल्या मुलीला स्वतःकडे किती आहे हे कळावे, असे तुम्ही लिहिले आहे. ही इच्छा अनेक आईवडिलांची असते आणि तिच्यामागचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणते. पण क्षणभर उलट बाजूने विचार करा. उद्या परदेशातून एखादे कुटुंब तुमच्या घरी आले आणि तुमच्या मुलीकडे बोट दाखवून आपल्या मुलाला म्हणाले, “बघ, हिच्याकडे किती कमी आहे, म्हणजे तुला आपल्या घराची किंमत कळेल,” तर त्यांनी आणलेली भेट तुम्ही कोणत्या मनाने घ्याल? दुसऱ्याचे घर हा आपल्या मुलांना दाखवायचा धडा नसतो. शिवाय कमी-अधिक पाहायचेच असेल, तर त्यासाठी विमानाने साडेचार हजार किलोमीटर जाण्याची आवश्यकता नाही. तुमच्याच जिल्ह्यात दर वर्षी गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात आणि तुमच्या लेकीच्या वयाची मुले तेथे धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली असतात. तिने ती पाहिलेली आहेत. त्यांच्याविषयी घरात कधी बोलणे झाले नसेल, तर किसुमूत ते आपोआप होईल असे मला वाटत नाही.

मग तिला कशासाठी तयार करायचे? पाहुणी होण्यासाठी. आपल्याकडे पाहुणपणाचे जे संस्कार आहेत, ते या प्रवासाला पुरेसे आहेत. कोणाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हा त्यातला एक. पण तो एकटा नाही. पानात वाढलेले नावे न ठेवता खावे, यजमानांच्या घरातील वस्तूंवर शेरे मारू नयेत, निघताना त्यांनी हातावर ठेवलेले काही असेल तर ते आदराने घ्यावे, हेही त्यातच येते. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुमच्या लेकीने घरात नक्की पाहिले असेल. ज्या देवाणघेवाणीत डबा एकाच दिशेने जातो, ती शेजारधर्माची राहत नाही, हे लहान मुलांनाही समजते. तुमच्या तयारीत द्यायचे कसे याचा खूप विचार झाला आहे. घ्यायचे कसे, याचा अजून झालेला नाही.

या बाबतीत तुमच्या घरातच एक फार मोठा आधार आहे, तो म्हणजे तुमच्या सासूबाई. त्या पेट्यांच्या दुसऱ्या टोकाला होत्या. लेकीला त्यांच्या शेजारी बसवा आणि तिलाच विचारू द्या: पेटी उघडायची तेव्हा कोण कोण जमायचे? आजीला काय मिळाले होते? एखादीला काही मिळाले नाही, असे कधी झाले का? फ्रॉक अंगाला बसला का? पाठवणाऱ्याला आभाराचे पत्र लिहायला बसवत असत का, आणि त्या पत्रात खरे लिहिता यायचे का? आजींच्या आठवणी गोड असतील, काही कदाचित अवघडल्यासारख्याही असतील. दोन्ही तिला ऐकू द्या, मध्ये पडून त्या सावरू नका. एक संध्याकाळ यासाठी दिलीत, तर मिशन ट्रिपविषयीच्या कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक तयारी होईल, अशी माझी खात्री आहे.

आपल्या भागातील मंडळींना हा इतिहास नवा नाही. अमेरिकन मिशनरींनी नगरमध्ये १८३१ मध्ये काम सुरू केले. १८२७ मध्ये भारतात आलेल्या सिंथिया फरार पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. फरारबाईंनी येताना पेटीत काय आणले होते, हे आज कोणाला आठवत नाही. त्या मराठी शिकल्या आणि पस्तीस वर्षे येथे राहिल्या. तुम्ही दोन आठवड्यांसाठी निघाला आहात. दोन आठवड्यांत पस्तीस वर्षांचे काम होत नाही आणि तशी अपेक्षा स्वतःकडून ठेवूही नये. चांगले पाहुणे होणे मात्र दोन आठवड्यांत जमते.

हस्तकलेच्या भेटींविषयी एक खरी घडलेली गोष्ट सांगते, ती लेकीलाही वाचून दाखवा. अमेरिकेने १९२४ मध्ये असा कायदा केला, की जपानी लोकांना त्या देशात स्थायिक होण्यासाठी येणे जवळजवळ अशक्य झाले. जपानमध्ये अनेक वर्षे मिशनरी म्हणून राहिलेले सिडनी ग्युलिक यांना याचे फार दुःख झाले आणि त्यांनी अमेरिकेतील मुलांना जपानी मुलांसाठी बाहुल्या पाठवण्याचे आवाहन केले. १९२७ मध्ये, जपानातील मुलींच्या बाहुल्यांच्या सणाच्या सुमारास, बारा हजारांहून अधिक बाहुल्या तेथे पोहोचल्या. त्यांतल्या अनेकींचे कपडे हाताने शिवलेले होते आणि सोबत पत्रे होती. गोष्ट येथे संपली असती, तर ती फक्त देणाऱ्यांची गोष्ट झाली असती. पण जपानी मुलांनी पैसे जमवले आणि त्याच वर्षी निष्णात कारागिरांकडून घडवलेल्या ५८ मोठ्या बाहुल्या अमेरिकेला पाठवल्या. बारा हजारांच्या बदल्यात ५८. आकड्यांनी मोजायची ही परतफेड नव्हती. त्या बाहुल्या गावोगावी मिरवल्या गेल्या आणि नंतर संग्रहालयांत जपल्या गेल्या. पुढे दोन्ही देशांत युद्ध झाले, जपानमध्ये आलेल्या बहुतेक बाहुल्या नष्ट करण्यात आल्या, पण काही शाळांतील शिक्षकांनी आपल्या शाळेची बाहुली लपवून ठेवली. अशा सुमारे तीनशे बाहुल्या आजही आहेत. ५८ या आकड्याकडे तुमच्या लेकीचे लक्ष जरूर वेधा. ३८ त्याच्यापासून फार दूर नाही.

आता बटव्यांविषयी. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. लेकीला समजावून किंवा थोडे दटावून उरलेले ५५ तिच्याकडूनच करून घ्यायचे, ही पहिली. ती मला मुळीच पटत नाही. ज्या हातांनी पहिले ३८ आनंदाने शिवले, त्याच हातांना पुढचे ५५ शिक्षा वाटतील आणि भेट या शब्दाशी तिच्या मनात कंटाळा कायमचा चिकटेल. नऊ वर्षांच्या मुलीने ३८ बटवे धावदोऱ्याने शिवून त्यांत नाडी ओवणे, हे थोडे काम नाही. ते काम अपुरे राहिले असे तुम्हाला वाटते, कारण १२० हा आकडा तुम्ही मोठ्यांनी ठरवला होता. दुसरी वाट म्हणजे मंडळीच्या संडे स्कूलमधील मुलांना बोलावून सगळ्यांनी मिळून संख्या पूर्ण करणे. ही वाट वाईट नाही. मुलांना खरोखर हौस असेल, तर दोन रविवारच्या दुपारी हसतखेळत ते काम होईलही. तरीही या वाटेने एक अडचण सुटत नाही, आणि ती मला संख्येपेक्षा मोठी वाटते.

ती अडचण म्हणजे रांग. १२० मुले रांगेत उभी आहेत, रांगेच्या टोकाला तुमची लेक बटव्यांची पिशवी घेऊन उभी आहे, एकेक मूल पुढे येऊन हात पुढे करते आहे आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. तिला त्या जागी कसे वाटेल? एक तर ती अवघडेल, किंवा, आणि याची मला अधिक काळजी वाटते, तिला ते आवडेल. त्या रांगेतील तिच्याच वयाच्या मुलीशी तिची मैत्री होणे त्यानंतर कठीण आहे, कारण एकीने दिलेले आहे आणि दुसरीने सर्वांसमोर घेतलेले आहे. उजव्या हाताने केलेले डाव्या हाताला कळू न देण्याविषयीचे बायबलमधील वचन तुम्हाला पाठ असेल; येथे तर ते सगळ्या गावाला कळवण्याची व्यवस्था आपण करत असतो.

म्हणून मी तिसरी वाट सुचवते: ३८ वर थांबा आणि भेट देण्याची पद्धत बदला. तेथील पाळकांना किंवा संडे स्कूलच्या शिक्षिकेला फोन करून मोकळेपणाने विचारा, “आमच्या मुलीने ३८ बटवे केले आहेत, तुमच्याकडे मुले १२० आहेत, तुम्ही काय सुचवाल?” केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात तेव्हा तेथे दुपारचे चार वाजलेले असतात, रविवारी ही वेळ दोन्हीकडे सोयीची ठरेल. त्या कदाचित म्हणतील, की बटवे वर्गात ठेवू आणि त्यांत खडू, रंग, खेळातील खडे ठेवायला वापरू. कदाचित म्हणतील, की सर्वांत लहान वर्गाला देऊ. कदाचित असेही म्हणतील, की मागच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने अशाच भेटी आणल्या होत्या आणि या वेळी मुलांना फुटबॉल हवा आहे. जे उत्तर येईल ते लेकीला जसेच्या तसे सांगा. “आवडलं नाही तर?” या तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच फोनमध्ये आहे, कारण विचारून दिलेली भेट नावडण्याची भीती पुष्कळ कमी होते. बटवे कोणाला आणि कधी द्यायचे, हे त्या शिक्षिकेलाच ठरवू द्या आणि शक्य असेल तर तिच्याच हातून द्या.

कापडाचे तुकडे उरले असतील आणि लेकीचा उत्साह परत आला, तरच आणखी एक कल्पना आहे. नाही आला तर हा परिच्छेद सोडून द्या. हाताच्या दोन विती रुंदीचे, गोधडीच्या कामाचे दोन लहान पट्टे तयार करा. प्रत्येक पट्ट्याचा अर्धा भाग तुमच्या लेकीने आणि आजीने धावदोऱ्याने भरावा आणि अर्धा कोरा ठेवावा. किसुमूच्या बाजारात रंगीबेरंगी कितेंगे आणि कांगा कापडे सर्वत्र मिळतात आणि शिंप्याच्या दुकानातून त्यांचे तुकडे सहज मागून घेता येतात. उरलेला भाग तेथील मुलांनी त्या तुकड्यांनी भरावा, एक पट्टा तेथे राहावा, दुसरा तुमच्यासोबत यावा. सुया आणि कात्री मात्र विमानात सोबतच्या बॅगेत ठेवू नका. त्या चेक-इनच्या सामानात जाऊ द्या.

या निमित्ताने लेकीला हेही कळू द्या, की ती कारागिरांच्या मुलखात चालली आहे. किसुमूहून फार लांब नसलेल्या किसी भागातील ताबाका येथे मऊ दगडातून वाटी, प्राणी, बुद्धिबळाचे संच कोरणारी घराणीच्या घराणी आहेत. केनियाच्या मध्य आणि पूर्व भागातील किकुयु आणि कांबा बायका घायपातीच्या दोराच्या पिशव्या विणतात, त्यांना कियोंडो म्हणतात. तुमची लेक तेथे हस्तकला घेऊन जाणारी एकटी नसेल. तेथील मुले दोऱ्याने बांधून चेंडू बनवतात. तो कसा बनवायचा हे तिने त्यांना विचारले, तर पहिल्याच दिवशी ती शिकणारी होईल आणि ती शिकवणारी होतील. किसुमूच्या परिसरातील लुओ लोकांचा अजुआ नावाचा खळगे आणि बियांचा खेळ आहे, दक्षिण भारतातील पल्लांकुळीच्या घराण्यातला. तिला सागरगोटे येत असतील, तर तेही तिने तेथे खेळून दाखवावेत, मात्र खडे तेथलेच उचलावेत. सागरगोटे ही बी आहे, आणि यावरून एका व्यावहारिक गोष्टीकडे येते.

भेटवस्तू कशाच्या बनवल्या आहेत, हे सीमेवर महत्त्वाचे ठरते. बिया, धान्य, वाळलेली पाने, रोपे यांसारख्या वस्तू केनियात नेण्यासाठी तेथील वनस्पती आरोग्य यंत्रणेचा परवाना आणि आपल्याकडील प्रमाणपत्र लागते. त्यामुळे शुभेच्छापत्रांवर डाळी, तांदूळ किंवा बिया चिकटवून नक्षी केली असेल, तर ती पत्रे घरीच ठेवा. मोरपिसे लावली असतील, तर तीही काढा. मोरपिसे आणि त्यांच्या वस्तू भारताबाहेर पाठवण्यावर बंदी आहे. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर अतिशय कडक बंदी घातली आहे आणि दंड जबर आहे, म्हणून भेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका आणि सामानातही तशा पिशव्या नेऊ नका. जुन्या ओढणीत बांधलेले गाठोडे त्याहून छान दिसते. अगदी लहान मुलांना द्यायच्या बटव्यांना मणी किंवा बटणे लावलेली नसावीत, कारण ती तोंडात जातात.

फोटोंविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. केनियात २०१९ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि मुलांच्या बाबतीत त्यात पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. पण कायदा नसता, तरी मी हेच म्हटले असते: तुमच्या लेकीच्या शाळेत कोणी परका येऊन तिचे फोटो काढून जगाला दाखवू लागला, तर तुम्हाला चालेल का? गटातील सर्वांनी निघण्यापूर्वीच याविषयी ठरवून घ्यावे. आठवण म्हणून लेकीला एक वही द्या. तिने चित्रे काढावीत.

आता मनाच्या तयारीचा दुसरा भाग. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही थोडी कमी होती; केनियात २०१९ च्या जनगणनेनुसार ती सुमारे ८५ टक्के आहे. तुमची लेक बहुधा तिच्या वर्गातील एकटी ख्रिस्ती मुलगी असेल, नाताळची सुट्टी म्हणजे काय हे तिला मैत्रिणींना सांगावे लागत असेल. तेथे ती प्रथमच अशा गावात उभी राहील, जिथे जवळजवळ सगळेच रविवारी उपासनेला निघालेले असतात. उपासना काही तास चालू शकते, लोक गातात, नाचतात, टाळ्या वाजवतात. हे तिला आधी सांगितले, तर ती भांबावणार नाही, आणि तुम्हालाही एक गोष्ट सोपी होईल: त्या मंडळीला विश्वास शिकवण्यासाठी तुम्ही चाललेला नाही, तो त्यांच्याकडे भरपूर आहे. शुभेच्छापत्रांवर वचने लिहावीत का, अशी चर्चा तुमच्या घरात चालू असेल, तर ती जरूर लिहा, पण एक ओळ मराठीत तिच्याच अक्षरात असू द्या. तेथील मुलांना देवनागरी लिपी पाहायला मिळेल आणि “हे काय लिहिलंय?” या प्रश्नातून बोलणे सुरू होईल.

बोलण्याची भीती तिला वाटत असेल, तर सांगा, की किसुमूच्या परिसरातील बहुतेक मुले घरी धोलुओ बोलतात, शाळेत स्वाहिली आणि इंग्रजी शिकतात. इंग्रजी त्यांचीही शाळेतलीच आहे. स्वाहिलीत तर तिच्या ओळखीचे शब्द पुष्कळ निघतील. गाडीला तेथे ‘गारी’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, चहाला ‘चाय’, दुकानाला ‘दुका’, आंब्याला ‘एंबे’, आणि चपातीला ‘चपाती’च. धोलुओमध्ये आभार मानताना ‘एरोकामानो’ म्हणतात. हा एक शब्द तिला निघण्यापूर्वी नीट येऊ द्या, कारण तो तिला रोज लागेल. पानात उगाली येईल, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी आणि सरोवरातील मासे. घरी एकदा मक्याच्या पिठाची घट्ट उकड करून हाताने पालेभाजीबरोबर खाऊन पाहा. पाहुण्यांसाठी कोंबडी कापणे हा तेथे मोठा मान समजला जातो. एखाद्या घरात तुमच्यासाठी कोंबडी शिजली असेल आणि त्या घरासाठी ती लहान गोष्ट नसेल, तेव्हा “कशाला एवढं केलंत” म्हणत बसू नका, पोटभर जेवा. लेकही तेच पाहून शिकेल.

कागदपत्रे आणि लसीकरण यांविषयी थोडक्यात, कारण तारखा चुकल्या तर बाकीचे सारे व्यर्थ जाते. केनियासाठी जानेवारी २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना आधी काढावा लागतो आणि मुलांचा अर्ज स्वतंत्र असतो. धार्मिक किंवा सेवाभावी कामासाठी जाणाऱ्या गटाला कोणत्या प्रकारची परवानगी लागते, आणि तुमच्या पतींना तेथे रुग्णांवर उपचार करण्यासाठी तेथील वैद्यक परिषदेचा तात्पुरता परवाना कसा मिळतो, या दोन्ही गोष्टी यजमान मंडळीकडून लेखी विचारून घ्या. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस तिघांनाही किमान दहा दिवस आधी घेतलेली असली पाहिजे. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि केनियाहून परतताना आपल्याच विमानतळावर तिचे प्रमाणपत्र दाखवता आले नाही, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लेकीला अंड्याची ॲलर्जी असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात हिवताप आहे आणि मे महिना तेथील मोठ्या पावसाच्या अखेरीचा असतो, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांविषयी बालरोगतज्ज्ञांना आताच भेटा. त्यांतल्या काही गोळ्या प्रवासाच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

राहता राहिले ते २७ बटवे, जे तुम्ही रात्री जागून शिवले आणि तिच्या बटव्यांत मिसळले. तुम्ही ते प्रेमापोटी केले, हे मला ठाऊक आहे. पण नऊ वर्षांची मुलगी आपला टाका ओळखते. तिला आज ना उद्या कळेल, कदाचित आधीच कळले असेल आणि ती बोलत नसेल. एखाद्या दुपारी सगळे बटवे जमिनीवर पसरून तिलाच वेगळे करायला सांगा आणि तुम्ही काय केले ते मोकळेपणाने सांगा. “आईला वाटलं, तुझे कमी पडतील. ते कमी नव्हते.” तिचे ३८ एका गाठोड्यात बांधा. तुमचे २७ दुसऱ्यात बांधा आणि तेथे पोहोचल्यावर, ज्यांच्या घरी तुम्ही जेवाल त्या बायकांना ते तुमच्या हाताने द्या.